वृद्धांचा मूत्रसंसर्ग आणि प्रतिजैविकांचा प्रतिरोध : एक ऐतिहासिक आलोचन

मुंबईहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर आसनगाव मागे पडले की आटगाव येते. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील हे एक लहान स्थानक. वायव्येस तानसा तलाव, दक्षिणेकडे मुरबाड तालुक्याचा डोंगराळ मुलूख. लघवी करताना आग होणे, थेंबथेंब होणे, पुन्हा पुन्हा लागणे या त्रासास मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द रोगाचे कारण सांगत नाही; ऋतू मात्र सांगतो. त्यावरील घरगुती उपायही ठरलेले असत : धने-जिऱ्याचे पाणी, भिजविलेला सब्जा, सराट्यांचा काढा, ओटीपोटावर पळसाच्या फुलांचा शेक. शास्त्रग्रंथांत या विकारास ‘मूत्रकृच्छ्र’ असे नाव असून चरकसंहितेत त्याचे आठ प्रकार सांगितले आहेत. जुन्या वैद्यांच्या अष्टविध परीक्षेत नाडीच्या जोडीला मूत्र होते, हेही येथे लक्षात ठेवावयास हवे. उपाय कितपत गुणकारी होते हा प्रश्न वेगळा. परंतु मूत्राच्या विकारात मूत्र पाहावे, एवढा आग्रह त्या परंपरेत होता.

आज त्याच त्रासाला ‘युरिन इन्फेक्शन’ हे नाव खेड्यापाड्यांतही रूढ झाले आहे, आणि नावाच्या जोडीला गोळीही आली आहे. ती गोळी आता पूर्वीसारखी लागू पडत नाही, ही तक्रार सार्वत्रिक आहे. प्रतिजैविकांच्या प्रतिरोधाचा इतिहास बहुधा नव्या औषधांच्या शोधांचा आणि मोठ्या रुग्णालयांतील भयावह जंतूंचा इतिहास म्हणून लिहिला जातो. वृद्धांच्या मूत्रसंसर्गापुरते पाहिले तर त्याचे सूत्र निराळे दिसते. औषध लोहमार्गाने, मोटारीने, शेवटी पायवाटेने वाडीपर्यंत पोचले. ते द्यावे की न द्यावे हे ठरविणारी परीक्षा वाटेतच राहिली. या अंतराचा विचार केल्यावाचून प्रतिरोधाचा दोष कोणाकडे जातो, याचे उत्तर चुकण्याचा संभव आहे.

मूत्रसंसर्गास बहुतेक वेळा कारण होणारा जंतू जर्मन बालवैद्य थिओडोर एशरिख याने १८८५ मध्ये वर्णिला; पुढे त्याच्याच नावावरून तो एशरिकिया कोलाय म्हणून ओळखला जाऊ लागला. आतड्यात निरुपद्रवी असणारा हा जंतू मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. त्यावरील पहिले रासायनिक औषध हेक्झामीन. १८९४ पासून ते वापरात आले. आम्लधर्मी मूत्रात त्याचे विघटन होऊन फॉर्माल्डिहाइड निर्माण होते व ते जंतूंना मारते. १९३५ मध्ये गेऱ्हार्ट डोमाक याचे प्रॉन्टोसिल प्रसिद्ध झाले आणि सल्फा औषधांचे युग सुरू झाले. या युगाशी मुंबईचा संबंध निकटचा आहे. परळच्या हाफकिन संस्थेत साहिब सिंग सोखी यांच्या संचालकपदाच्या काळात, १९३२ ते १९४९ या वर्षांत, सल्फा द्रव्यांच्या संश्लेषणाचे आणि प्लेगवरील त्यांच्या उपयोगाचे महत्त्वाचे काम झाले. परदेशी कारखानदारांवर विसंबून न राहता औषध येथेच करावे हा सोखींचा आग्रह होता. स्वातंत्र्योत्तर औषधनीतीचे बीज त्यात सापडते.

पेनिसिलीनची कथा सुपरिचित असल्याने तिचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र वारंवार दुर्लक्षिली जाते. १९४० मध्ये, म्हणजे पेनिसिलीन सर्वसामान्य रुग्णांस मिळू लागण्यापूर्वीच, ऑक्सफर्ड येथे एडवर्ड अब्राहम व अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलीनचा नाश करणारे एक विकर वर्णिले. ते त्यांना ज्या जंतूत आढळले तो याच कोलाय जातीचा होता. प्रतिरोधाचे हत्यार औषधाच्या आधीपासून निसर्गात होते. मनुष्याने ते निर्माण केले नाही, पण ज्यांच्यापाशी ते होते त्यांनाच जगू दिले.

भारत सरकारने जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा कारखाना काढला. १९५४ मध्ये कंपनी स्थापन झाली आणि १९५५ मध्ये पेनिसिलीनचे उत्पादन सुरू झाले. त्या काळी ही घटना राष्ट्रीय अभिमानाची होती व तो अभिमान वाजवीच होता. न्युमोनियाने, प्रसूतिज्वराने माणसे मरत असलेल्या देशात पेनिसिलीन स्वस्त होणे म्हणजे प्राण स्वस्तात वाचणे होय. मूत्रसंसर्गाच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा ठरला तो १९७० चा पेटंट कायदा. १९७२ मध्ये अमलात आलेल्या या कायद्याने औषधी पदार्थावरील पेटंट रद्द होऊन केवळ प्रक्रियेवरील राहिले. त्यामुळे परदेशात निघालेले औषध निराळ्या पद्धतीने तयार करून स्वस्त विकणे भारतीय कारखानदारांना शक्य झाले. २००५ मध्ये ही स्थिती पालटेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ हा क्रम चालला. याच काळात मूत्रसंसर्गाची औषधे एकामागून एक आली. नायट्रोफ्युरॅन्टॉइन १९५३ मध्येच आले होते. अँपिसिलीन १९६१ मध्ये, नॅलिडिक्सिक आम्ल १९६२ मध्ये, को-ट्रायमोक्साझोल १९६८ च्या सुमारास आणि पुढे, १९८० नंतर, नॉरफ्लोक्सासीन व सिप्रोफ्लोक्सासीन. शेवटची दोन स्वस्त, पोटात घेण्याजोगी आणि आरंभी विलक्षण गुणकारी होती. लघवीची आग म्हटली की नॉरफ्लोक्सासीन, हे समीकरण डॉक्टर, औषधविक्रेते आणि रुग्ण या तिघांच्याही मनात पक्के बसले.

जंतूंचा इतिहास समांतर चालला होता. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवून दिले की, अनेक औषधांना न जुमानण्याचा गुण एक जंतू दुसऱ्यास, अगदी दुसऱ्या जातीच्या जंतूसही, प्रत्यक्ष देऊ शकतो. ही देवाणघेवाण ज्या लहान वर्तुळाकार जनुकखंडांमार्फत होते त्यांस प्लास्मिड म्हणतात. त्सुतोमु वातानाबे यांच्या १९६३ मधील प्रदीर्घ लेखाने हा विषय जगापुढे आला. त्याचा अर्थ गंभीर होता. एखाद्या रुग्णास पडशासाठी निष्कारण दिलेले औषध त्याच्या आतड्यात प्रतिरोधी जंतूंची पैदास करते. ते जंतू महिन्या-दोन महिन्यांनी त्याच्याच मूत्रमार्गात येतात, किंवा घरातल्या म्हातारीच्या. अँपिसिलीन बाजारात येऊन चार वर्षे होतात न होतात तोच, १९६५ मध्ये, अथेन्समधील एका रुग्णाच्या कोलाय जंतूंत त्याचा नाश करणारे प्लास्मिडवाही विकर सापडले. नव्या पिढीच्या सेफॅलोस्पोरिनांचा नाश करणारे सीटीएक्स-एम-१५ हे विकर प्रथम वर्णिले गेले ते १९९९ मध्ये नवी दिल्लीत मिळालेल्या जंतूंवरून. आज ते जगभर आढळते.

पुढचा टप्पा सर्वपरिचित आहे. विस्मरणात गेले आहे ते एवढेच की, तोही एका मूत्रसंसर्गापासून सुरू होतो. साठीच्या उंबरठ्यावरील, भारतीय वंशाचा व स्वीडनमध्ये राहणारा एक रुग्ण भारतात रुग्णालयात राहून परतला. २००८ च्या आरंभी त्याच्या लघवीत जो क्लेब्सिएला जंतू मिळाला, त्याच्यावर कार्बापेनेम हे राखीव समजले जाणारे औषधही चालेना. २००९ मध्ये त्याच्या विकरास नवी दिल्लीचे नाव देण्यात आले व एनडीएम-१ हा शब्द रूढ झाला. त्या नावावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. राजधानीची बदनामी, वैद्यकीय पर्यटनाविरुद्ध कट, अशी भाषा २०१० मध्ये वृत्तपत्रांत व संसदेतही ऐकू आली. नाव अनुचित होते हे मान्य करावे. तथापि त्याच वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. कॅमिला रॉड्रिग्ज व त्यांचे सहकारी यांनी भारतीय वैद्यांच्याच नियतकालिकात आपले निष्कर्ष छापले होते : २००९ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या अवधीत मिळालेल्या २४ कार्बापेनेम-प्रतिरोधी जंतूंपैकी २२ मध्ये एनडीएम-१ होते. नावावर वाद घालणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी हा घरचा पुरावा वाचला असावा.

येथवरचा वृत्तान्त महानगरांचा आहे. आटगावच्या परिसरातील सत्तर-पंचाहत्तर वर्षांच्या स्त्रीचा त्याच्याशी संबंध काय, हे समजण्यासाठी वार्धक्यातील मूत्रमार्गाचा विचार करावा लागतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन घटते. त्यामुळे योनिमार्गातील हितकारक लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होतात व कोलायला मोकळे रान मिळते. पुरुषात प्रोस्टेट ग्रंथी वाढून मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही. मधुमेह, अंग बाहेर येणे, पक्षाघातानंतर घातलेली नळी ही आणखी कारणे. नळी मूत्राशयात राहिली तर दर दिवसागणिक सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या मूत्रात नव्याने जंतू दिसू लागतात.

आणि याच ठिकाणी मूळ घोटाळा होतो. वृद्धांच्या मूत्रात जंतू असणे आणि वृद्धांस मूत्रसंसर्ग होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. बॉस्टनच्या एडवर्ड कॅस यांनी १९५६ च्या सुमारास असा दंडक घातला की, एक मिलिलिटर मूत्रात १,००,००० किंवा अधिक जंतू असले तर ते अर्थपूर्ण समजावे. तो दंडक पुढे प्रयोगशाळांचा धर्मच होऊन बसला. वास्तविक त्याच्या दोन्ही बाजूंस चूक होऊ शकते. १९८२ मध्ये वॉल्टर स्टॅम व सहकाऱ्यांनी दाखविले की, लक्षणे असलेल्या स्त्रीत शंभर जंतूंनाही अर्थ असू शकतो. उलटपक्षी ऐंशीच्या पुढील स्त्रियांत, काहीही त्रास नसता, सुमारे पाचांत एकीच्या मूत्रात हा दंडक ओलांडणारे जंतू मिळतात. शुश्रूषागृहांत राहणाऱ्यांत प्रमाण याहून पुष्कळ अधिक असते. अशा वृद्धांना औषध देऊन काय साधते, याचा प्रयोग कॅनडातील लिंडसे निकोल यांनी संस्थांत राहणाऱ्या वृद्ध पुरुषांवर केला आणि तो १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर स्पष्ट होते : लाभ काही नाही. जंतू जातात, पुन्हा येतात, आणि येताना अधिक निबर होऊन येतात. त्यानंतरच्या चार दशकांत हाच निष्कर्ष पुनःपुन्हा पडताळला गेला आहे. गर्भिणी आणि मूत्रमार्गावर शस्त्रक्रिया व्हावयाची आहे असे रुग्ण वगळता लक्षणाविना जंतूंवर औषध देऊ नये, असा दंडक आज सर्वमान्य आहे.

व्यवहारात मात्र वेगळेच घडते. म्हातारा माणूस बरळू लागला, पडला, जेवेनासा झाला, की लघवी तपासावी. पट्टीवर रंग बदलला की संसर्ग ठरवावा. आणि गोळ्या सुरू कराव्यात. बरळण्याचे खरे कारण उष्मा, पाण्याचा अभाव, नवे औषध किंवा बद्धकोष्ठही असू शकते. ते शोधण्याचे काम त्या गोळ्यांनी थांबते. शिवाय फ्लुरोक्विनोलोन वर्गातील औषधांनी वृद्धांत स्नायुबंध तुटण्याचा धोका वाढतो, म्हणून अमेरिकेत २००८ मध्येच कडक इशारा छापण्याची सक्ती झाली होती. भ्रम होणे आणि रक्तातील साखर घसरणे हे दुष्परिणामही त्यांच्याच खाती आहेत. म्हणजे भ्रमावर म्हणून दिलेले औषधच भ्रम वाढवू शकते!

दोष द्यावयाचा झाला तर आजवर तो रुग्णास देण्यात आला. या पद्धतीचा उगम बऱ्याच अंशी अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या १९४५ च्या नोबेल व्याख्यानात आहे. अज्ञानी मनुष्य अपुरी मात्रा घेतो, जंतू निर्ढावतात आणि त्याची फळे दुसऱ्यास भोगावी लागतात, असा दृष्टान्त त्यांनी दिला होता. तेव्हापासून ‘गोळ्या पूर्ण केल्या नाहीत’ हे अडाण्यावर ठेवण्याचे हुकमी दूषण झाले. परंतु साध्या मूत्रसंसर्गात दीर्घ उपचारापेक्षा अल्प उपचार पुरतो, हे आता सिद्ध आहे : नायट्रोफ्युरॅन्टॉइन पाच दिवस, फॉस्फोमायसीनची तीन ग्रॅमची एकच मात्रा. गरजेहून अधिक दिवस घेतलेले औषध आतड्यातील जंतूंची निवड अधिक करते. फ्लेमिंग यांचे द्रष्टेपण वादातीत आहे, पण त्यांचा दृष्टान्त खेड्यातील रुग्णास आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून गेला.

कायद्याची दृष्टीही विक्रेत्यावर राहिली. १९४५ च्या औषध नियमांतील एच अनुसूचीनुसार प्रतिजैविके चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. हा नियम कसा पाळला जातो ते सर्वांस ठाऊक आहे. २०१२ च्या चेन्नई जाहीरनाम्यानंतर हालचाल वाढली. ३० ऑगस्ट २०१३ रोजी एच-१ ही नवी अनुसूची निघाली आणि १ मार्च २०१४ पासून ती अमलात आली. तीत ४६ औषधे होती व त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपण्याची अट होती. त्या यादीत सेफिक्झिम होते, लेव्होफ्लोक्सासीन होते. पण ज्या दोन औषधांनी मूत्रसंसर्गाचा बाजार व्यापला होता ती नॉरफ्लोक्सासीन व सिप्रोफ्लोक्सासीन नव्हती. ही निवड अनवधानाने झाली असे म्हणता येणार नाही. ग्रामीण भागात डॉक्टर दूर आणि दुकान जवळ असते. सगळेच बंद केले तर ज्याला खरोखर औषध हवे तो मरेल, ही भीती यादी करणाऱ्यांच्या मनात होती व ती निराधार नव्हती.

या भीतीस महाराष्ट्रातीलच एक भक्कम आधार आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व राणी बंग यांनी गावातील अल्पशिक्षित कार्यकर्त्यांच्या हाती को-ट्रायमोक्साझोल दिले आणि बालकांचे न्युमोनियाने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले. हे काम १९९० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाले. मात्र तेथे औषधाबरोबर परीक्षाही देण्यात आली होती : मुलाचे श्वास मोजणे. मिनिटाला ठरावीक संख्येपेक्षा श्वास अधिक असले तरच औषध, एरवी नाही. कार्यकर्त्यास अक्षरज्ञान बेताचे असले तरी चाले. मोजणे चुकता कामा नये. वृद्धांच्या मूत्रसंसर्गासाठी अशी साधी, गावात करता येण्याजोगी परीक्षा कोणी घडविली नाही, हे या इतिहासातील सर्वांत मोठे रिते पान आहे. लघवीची पट्टी त्या जागी बसविली गेली खरी, पण लक्षणाविना जंतू बाळगणाऱ्या वृद्धांत ती बहुधा फसवते. ती नकारात्मक आली तरच तिचा खरा उपयोग.

प्रतिरोधाच्या आकड्यांविषयीही येथेच बोलणे प्राप्त आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१३ मध्ये देखरेखीचे जाळे उभारले व त्याचे वार्षिक अहवाल मोलाचे आहेत. मूत्रातील कोलायवर फ्लुरोक्विनोलोने बव्हंशी निष्प्रभ झाली असून नायट्रोफ्युरॅन्टॉइन व फॉस्फोमायसीन ही जुनी औषधे अद्याप पुष्कळ अंशी टिकून आहेत, हे त्यांवरून दिसते. परंतु हे जाळे प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांचे आहे. आटगावची स्त्री तेथे पोचते ती दोन-तीन औषधे निकामी ठरल्यावर. जिला पहिल्याच गोळीने बरे वाटले तिची लघवी कोणत्याही प्रयोगशाळेत जात नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्यास ही अडचण नवी नाही. न्यायालयाच्या दप्तरावरून गावाचे चरित्र लिहू पाहणारास गावात केवळ भांडणेच दिसतात. रुग्णालयाच्या दप्तरावरून खेड्यातील प्रतिरोध मोजणे त्याच जातीचे आहे. खेड्यात तो कमी असेल असे यावरून निष्पन्न होत नाही. प्लास्मिड तालुक्याची सीमा ओळखत नाहीत, आणि आटगावचे अनेकजण रोज मुंबईस जाऊन येतात. मुद्दा एवढाच की, कोणते औषध प्रथम द्यावे याचा निर्णय ज्या आकड्यांवर होतो ते आकडे त्या रुग्णाचे नाहीत.

प्रतिजैविकांवाचून काय करता येते, याच्या शोधाने गेल्या काही वर्षांत वैद्यक पुन्हा मागे वळले आहे. ऋतुनिवृत्त स्त्रियांत इस्ट्रिऑलचा स्थानिक लेप पुनःपुन्हा होणारा संसर्ग कमी करतो, हे १९९३ मध्ये दिसून आले. हेक्झामीनचाच हिप्पुरेट हा क्षार रोजच्या प्रतिजैविकाच्या तोडीचा ठरतो, असे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत आढळले; १८९४ चे औषध सव्वाशे वर्षांनी परत आले, कारण फॉर्माल्डिहाइडविरुद्ध जंतूंना टिकाऊ प्रतिरोध साधला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या ज्या स्त्रियांनी रोज दीड लिटर अधिक पाणी प्यायले त्यांचे आजार जवळजवळ निम्म्याने घटले. त्या स्त्रिया ऋतुनिवृत्तीपूर्व वयाच्या होत्या, म्हणून निष्कर्ष वृद्धांस जसाच्या तसा लावता येत नाही. तरी ‘उन्हाळी’ या शब्दात साठविलेले निरीक्षण अगदीच वाऱ्यावर सोडण्यासारखे नव्हते, एवढे त्यावरून म्हणता येईल.

पण दीड लिटर अधिक पाणी शहापूर तालुक्यात कोणी कोठून आणावयाचे? १८९२ मध्ये तानसा, १९५७ मध्ये मोडकसागर, पुढे भातसा, २०१४ मध्ये मध्य वैतरणा असे मुंबईची तहान भागविणारे जलाशय याच मुलखात बांधले गेले. आणि याच तालुक्यातील पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकरची वाट पाहावी लागते. डोक्यावरून आणलेले पाणी आधी चुलीकडे, गुरांकडे व मुलांकडे जाते. शौचास लांब जावे लागते म्हणून पाणी कमी पिणारी म्हातारी हा वैद्यकाच्या पुस्तकातील प्रकार नव्हे, पण त्या घरांतून तो अपरिचितही नाही.

राहता राहिला परीक्षेचा प्रश्न. शहापूर येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांत पट्टीची व सूक्ष्मदर्शकाची तपासणी होऊ शकते, जंतूंचे संवर्धन होत नाही. नमुना कल्याणला वा मुंबईस पाठवावयाचा झाला तर काळाचे गणित आडवे येते. खोलीच्या उष्णतेत ठेवलेली लघवी दोन तासांच्या आत संवर्धनास लावली पाहिजे, नाही तर बर्फात ठेवली पाहिजे. आटगावहून मुंबईपर्यंतचा लोकलचा प्रवासच सुमारे दोन तासांचा. त्यात वाडीहून स्थानकापर्यंतची चाल आणि गाडीची प्रतीक्षा मिळवावयाची. अनुकूल परिस्थितीत कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. हजाराचे लाखापलीकडे जाण्यास सातच द्विगुणने पुरतात. डब्यातील उष्म्यात हा वेग काहीसा मंद असला तरी मे महिन्यात तो फार मंद नसतो. आटगावला निघताना निरर्थक असलेला नमुना भायखळ्यास पोचेपर्यंत कॅस यांच्या दंडकानुसार अर्थपूर्ण झालेला असू शकतो, आणि त्याच्या अहवालावर घरी बसलेल्या म्हातारीस गोळ्या सुरू होतात. बोरिक आम्लाची पूड घातलेली एक लहान नळी हा वेग चोवीस तास रोखून धरते. ती पुष्कळ ठिकाणी वापरात आहे, तिला वीज लागत नाही, आणि तिच्यात नमुना भरण्यास आरोग्यसेविकेस एका दुपारचे शिक्षण पुरते.